केंटकीतला सोमवार

एका अनोळखी मुलीला गणितात ‘बी प्लस’ मिळाल्याचं ऐकताना मी गाडीतल्या रेडिओचा आवाज कमी केला. गाडीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, काचा बंद होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अमेरिकेत, केंटकीतल्या लेक्झिंग्टनचं काम आटोपून मी टेनेसीतल्या किंग्सपोर्टला परत निघाले होते. हॅझर्ड गाव मागे पडलं तशी मोबाइलची रेंज गेली, नकाशा अडकून बसला आणि पूर्व केंटकीचे डोंगर दोन्ही बाजूंनी रस्त्याला येऊन भिडले. येताना याच वाटेवर एफएम ८८.७ ला फिडल आणि बँजो ऐकले होते. तोच आकडा लावला तर रॅप सुरू! आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा बघितला, बरोबर होता. नऊ वाजले, रॅप थांबलं आणि फोनवरून ध्वनिमुद्रित केलेले आवाज एकामागून एक येऊ लागले. ती मुलगी डॅडीला सांगत होती की बी प्लस मिळाला, पण आजी म्हणते ए मिळायला हवा होता. मग एका बाईनं सांगितलं, गाडीच्या ब्रेकचं काम करून घेतलं, तू म्हणाला होतास त्याच माणसाकडून. मग एक म्हातारा घसा खाकरून ‘आम्ही बरे आहोत’ असं म्हणाला, पुन्हा तेच म्हणाला, आणि पुढे त्याला काही सुचेना. मागे कुणाच्या तरी घरचा टीव्ही चालू होता. हे सगळे निरोप त्या डोंगरांमधल्या तुरुंगांत बसलेल्या माणसांसाठी आहेत, हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. आवाज मात्र मी त्याआधीच कमी केला होता.

का केला, हे पुढे बरेच दिवस डोक्यात राहिलं.

मी वाढले ती चंद्रपूरला, कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये. आमच्या चौकात एकच एसटीडी बूथ होता. रात्री नऊनंतर दर उतरायचे तेव्हा बूथबाहेर रांग लागायची. बलियाचे, रायपूरचे, आदिलाबादकडचे लोक काचेच्या पेटीत उभे राहून ओरडून बोलायचे आणि बाहेरची सगळी रांग एकदम रस्त्याकडे बघायला लागायची. शब्द न् शब्द ऐकू यायचा, पण ऐकतोय असं दाखवायचं नाही, हा तिथला अलिखित नियम. कुणाचा बाप गेला, कुणाची मनीऑर्डर पोचली नाही, सगळं सगळ्यांना माहीत असायचं आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर जाताना कुणी विषय काढायचं नाही. पाइन माउंटनच्या पायथ्याशी माझा हात रेडिओच्या बटणाकडे गेला तो या सवयीनं. फरक एवढाच की इथं बूथची काचच नव्हती. त्या मुलीला माहीत होतं की तीन राज्यांमधलं कुणीही ऐकू शकतं. तरी ती बोलली.

हे स्टेशन डब्ल्यूएमएमटी, गाव व्हाइट्सबर्ग, काउंटी लेचर. अ‍ॅपलशॉप नावाच्या संस्थेनं ते १९८५मध्ये सुरू केलं. अ‍ॅपलशॉप मुळात १९६९ची. अमेरिकी सरकारच्या गरिबीविरोधी मोहिमेतून डोंगरातल्या पोरांना सिनेमा बनवायला शिकवण्यासाठी काढलेली. शिकून पोरं मोठ्या शहरांत जातील अशी योजना होती. पोरं कॅमेरा घेऊन तिथंच राहिली. (सरकारी योजनेचं असं सुंदर फसणं फार क्वचित बघायला मिळतं.) रेडिओवर बोलणारे बहुतेक स्वयंसेवक. कुणी शिक्षिका, कुणी नर्स, कुणी खाणीतून निवृत्त झालेला. जो तो आपल्या वेळेला आपल्या आवडीच्या रेकॉर्ड घेऊन येतो. सकाळी ब्लूग्रास, म्हणजे तिथलं बँजो-फिडलचं संगीत, दुपारी जुनी कंट्री, रात्री कुणी पोरगा कानठळ्या बसवणारं मेटल लावतो, आणि त्याच्याच आधी किंवा नंतर कुणीतरी भजनं. स्टेशनचं लाडकं नाव ‘पॉसम रेडिओ’. पॉसम म्हणजे रात्री कचऱ्याच्या डब्याभोवती फिरणारा, मेल्याचं सोंग घेणारा तो प्राणी. आपल्या स्टेशनला गरुड, वाघ असलं काही नाव न देता हे नाव घेणारी माणसं मला लगेच आवडली.

त्या भागातून जाणाऱ्या हायवे २३ला केंटकीनं ‘कंट्री म्युझिक हायवे’ असं अधिकृत नाव दिलंय. दर काउंटीच्या वेशीवर तिथं जन्मलेल्या गायकाचं नाव असलेली पाटी. लॉरेटा लिन, ड्वाइट योकम, रिकी स्कॅग्ज, पॅटी लव्हलेस. एवढ्याशा डोंगराळ पट्ट्यातून इतके गळे कसे निघाले याची उत्तरं बरीच दिली जातात: चर्च, स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेली गाणी, आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी आणलेला बँजो, खाणींनी एका जागी गोळा केलेले गोरे, काळे, इटालियन, हंगेरियन. मला त्यात रेडिओही धरावासा वाटतो. लॉरेटा जॉन्सन काउंटीतल्या बुचर हॉलरची. हॉलर म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी घळ, जिच्यात एका टोकाला शिरलं की दुसरीकडून बाहेर पडता येत नाही. बाप खाणीत. घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ, आणि शनिवारी रात्री नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम स्टेशनवरचा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम, ‘ग्रँड ओल ऑप्री’. बॅटरी जपायची म्हणून आठवडाभर रेडिओला हात लावायचा नाही. पुढे १९६०मध्ये तिची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा ती आणि तिचा नवरा गाडीत रेकॉर्ड घालून स्टेशनांमागून स्टेशनं फिरले. दार वाजवायचं, रेकॉर्ड हातात द्यायची, वाजवा म्हणून विनवायचं. तेव्हा दार उघडणारा माणूस त्या स्टेशनात असायचा आणि काय वाजवायचं ते तोच ठरवायचा. १९९६च्या कायद्यानं अमेरिकेत एका मालकाकडे देशभर किती स्टेशनं असावीत याची मर्यादाच काढून टाकली. काही वर्षांत एकट्या क्लिअर चॅनल कंपनीकडे बाराशेच्या आसपास स्टेशनं आली. आज ती गाडी घेऊन निघाली असती तर बऱ्याच ठिकाणी दार वाजवून आत माणसाऐवजी संगणकच सापडला असता.

खाणींची गाणी म्हणून जी जगभर पोचली, त्यांच्याशी माझं जरा वाकडं आहे. आवडतात, ओठांवर येतात, आणि मग राग येतो. गायक मर्ल ट्रॅव्हिस खाणकामगाराचा मुलगा, पश्चिम केंटकीतला, हे खरं. पण १९४६मध्ये रेकॉर्ड कंपनीला लोकगीतं हवी होती, त्याच्याकडे ती नव्हती, तेव्हा त्याला ‘मग लिही’ असं सांगण्यात आलं. त्यानं लिहिली, तीही कॅलिफोर्नियात. त्यातलं एक तर समुद्रकाठच्या गावात रस्त्यावरच्या दिव्याखाली गाडी थांबवून सुचलेलं. गाणी अस्सल आहेत. कंपनीच्या दुकानातली उधारी, चलनाऐवजी कंपनीची नाणी, अंधार, ओल, काहीच खोटं नाही. तरी दूर जाऊन मागे वळून बघितल्यावरच खाण इतकी गाण्यासारखी दिसत असावी. माझे बाबा महाकाली कॉलरीत माइनिंग सरदार होते, म्हणजे खाली माणसांची सुरक्षा बघणारे. घरी आल्यावर त्यांच्या पापण्यांच्या कडेला जे काळं राहायचं ते साबणानं जायचं नाही, आणि आई म्हणायची की काजळ घातल्यासारखे दिसता. गाण्यात हे फार छान बसेल. बाबांना त्या डोळ्यांची जळजळ व्हायची, हे कडव्यात बसणं अवघड.

त्यातून आजारावर गाणी कमी आणि आजार वाढता, अशी त्या भागाची सध्याची गत आहे. काळी फुप्फुसं, ब्लॅक लंग, हा आजोबांच्या पिढीचा रोग म्हणून १९६९च्या कायद्यानंतर ओसरत चालला होता. मधल्या अ‍ॅपलाचियात, म्हणजे याच डोंगरपट्ट्यात, तो परत आला. २०१८च्या एका सरकारी अभ्यासात पंचवीस वर्षं किंवा त्याहून जास्त नोकरी झालेल्या तिथल्या दर पाच खाणकामगारांत एकाला तो सापडला. जाड थर संपले, उरलेले पातळ थर काढायला वरखालचा वालुकाश्मही कापावा लागतो, आणि दगडातल्या सिलिकाची धूळ कोळशाच्या धुळीपेक्षा वाईट. गाड्यांच्या मागे मात्र काळ्या नंबरप्लेटवर ‘फ्रेंड्स ऑफ कोल’ लिहिलेलं. मला आधी ही निव्वळ कंपन्यांची जाहिरात वाटली, आणि ती आहेच. पण ज्याच्या बापानं, आजोबानं त्या कोळशापायी छाती गमावली त्यानं गाडीवर काय लिहावं? ‘आमचं सगळं वाया गेलं’? आमच्या कॉलनीतही कुणी बाहेरचा प्रदूषणावर बोलू लागला की आमचेच लोक चिडायचे, आणि तो गेला की खिडकीच्या गजावरची काळी पूड पुसत तेच बोलायचे.

कोळसा आटला तसे तुरुंग आले. हा योगायोग नव्हता, ती रोजगाराची योजना होती. व्हर्जिनियाच्या बाजूला, हायवे २३ पासून फार लांब नाही, रेड अनियन हा अतिकडक बंदोबस्ताचा तुरुंग १९९८ साली उघडला. ज्या डोंगरमाथ्यावर तो उभा आहे तो कोळशासाठी आधीच सपाट केलेला होता. पाठोपाठ बिग स्टोन गॅपजवळ वॉलेन्स रिज. आत येणारे बरेचसे काळे, रिचमंड, नॉरफकसारख्या शहरांतले. एका टप्प्यावर तर थेट कनेटिकटमधून कैदी पाठवले गेले. पहाऱ्याला गोरे, ज्यांच्या घरात कुणी ना कुणी खाणीत होतं. भेटायला यायचं तर आईनं किंवा बायकोनं सहा-सात तास किंवा त्याहून जास्त गाडी हाकायची. व्हाइट्सबर्गच्या स्टेशनवर तेव्हा हिप-हॉपचा एक कार्यक्रम होता. त्याच्या निवेदकांना कैद्यांची पत्रं यायला लागली, या डोंगरात आमच्या ओळखीचं काहीतरी वाजतंय म्हणून. मग घरच्यांचे फोन यायला लागले, माझ्या भावाला एवढं सांगाल का, म्हणून. त्यातून ‘कॉल्स फ्रॉम होम’ सुरू झालं. सोमवारी संध्याकाळी फोन करायचा, निरोप ठेवायचा, नऊ वाजता तो हवेत जातो. अमेरिकी तुरुंगांत कैद्यांना विकले जाणारे रेडिओ पारदर्शक प्लास्टिकचे असतात, आत काही लपवता येऊ नये म्हणून. त्या काचेसारख्या डबीतून मुलीचा बी प्लस पोचतो.

हे कळल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हेवा. डोंगरावरच्या अँटेनातून निघालेला आवाज काँक्रीटच्या भिंती ओलांडून कोठडीत पोचतो, पण खाणीत पोचत नाही. दगड रेडिओलहरी गिळतो. बाबांकडे घरी ट्रान्झिस्टर होता, विविध भारती नाहीतर नागपूर केंद्र, पण तो वरच. खाली पट्ट्याची घरघर, पंप, आणि छत. सरदारानं हातातल्या काठीनं छत ठोकून बघायचं. टणक आवाज आला तर पुढे, पोकळ आला तर माणसं मागे. बाबांचे कान याच कामात तयार झाले, म्हणून असेल, घरात त्यांना बारीक आवाजातला रेडिओ चालायचा नाही, ‘एक तर नीट लाव, नाहीतर बंद कर’. वेस्ट व्हर्जिनियातल्या सागो खाणीत २ जानेवारी २००६ रोजी स्फोट झाला आणि तेरा जण आत अडकले तेव्हा वर असलेल्यांना त्यांच्याशी बोलण्याचा मार्गच उरला नव्हता. बचाव पथकाचा निरोप श्वसनाच्या मुखवट्यांमधून, एकाकडून दुसऱ्याकडे येता येता उलटा झाला आणि बारा जण जिवंत आहेत असं वर पोचलं. चर्चमध्ये जमलेल्या घरच्यांनी घंटा वाजवल्या. जवळपास तीन तास ते तसेच आनंदात होते. जिवंत एकच होता. त्याच वर्षी कायदा झाला आणि खाणींत बिनतारी संपर्काची सोय बंधनकारक झाली. त्याआधी मोबाइल प्रत्येकाच्या खिशात येऊन किती वर्षं झाली होती, याचा हिशेब मी करत नाही.

आपल्याकडे खाण आणि रेडिओ म्हटलं की एकच गाव आठवतं. झुमरीतलैया! आमच्या पिढीला ते नाव निवेदकानं गमतीनं रचलंय असंच वाटायचं. सिलोनवर, विविध भारतीवर जगभराच्या फर्माइशी आल्या तरी झुमरीतलैयाचं नाव आलं नाही असा दिवस नसायचा. गाव खरंच आहे, आताच्या झारखंडमध्ये, अभ्रकाच्या खाणींचं. पोस्टकार्डांचे गठ्ठे पाठवणारी ती माणसं गाण्यासाठी पाठवत होती असं मला आता वाटत नाही. गाणं तसंही लागलंच असतं. त्यांना आपलं नाव हवेत गेलेलं ऐकायचं होतं. ज्या गावातून ट्रक भरभरून माल बाहेर जातो आणि गावाचं नाव मालावर कुठंही नसतं, तिथल्या माणसाला ही भूक लागत असणार. व्हाइट्सबर्गची गोष्ट याच्या उलट बाजूची. लॉरेटानं डोंगरातला आवाज बाहेर नेला, जगाला विकला, आणि चांगलं केलं. या स्टेशननं बाहेरचा आवाज डोंगरात आणला, ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यापर्यंत. आणि तो ऐकतो कोण? कैदी तर ऐकतोच. पण स्वयंपाक करताना ८८.७ लावून ठेवणारी पहारेकऱ्याची बायकोही ऐकते. तिला सोमवारी रात्री कळतं की नवरा ज्याच्यावर पहारा देतो त्याच्या मुलीला बी प्लस मिळाला. याचं तिला काय होतं, मला माहीत नाही. कदाचित तीही आवाज कमी करत असेल.

दुसऱ्या एका खेपेला मी दिवसाउजेडी व्हाइट्सबर्गला मुद्दाम थांबले. नदी इतकी लहान की तिला नदी म्हणायला आपण संकोचतो. केंटकी नदीचा उत्तर फाटा. तिच्या काठाशीच अ‍ॅपलशॉपची लाकडी इमारत. त्या नदीनं २८ जुलै २०२२च्या पहाटे वीस फुटांची पातळी ओलांडली. याआधीचा विक्रम १९५७चा, पंधरा फुटांच्याही आतला. पूर्व केंटकीत चाळीसहून जास्त माणसं गेली. झाडं उतरवून खोदलेल्या डोंगरांवर पाणी थांबत नाही, घळीतून थेट खाली येतं, हे चंद्रपूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे इरई आणि वर्धेचा पूर ओबीच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीदगडांच्या, ढिगांना वळसा घालून वस्तीत येतो. अ‍ॅपलशॉपच्या तळमजल्यात पाणी शिरलं, रेडिओ बंद पडला, पन्नासेक वर्षांच्या फिल्म आणि फिती चिखलात गेल्या. त्या फिती धुऊन, गोठवून वाचवण्याचं काम लोकांनी हातात घेतलं. स्टेशन यथावकाश पुन्हा हवेत गेलं. त्या ऑक्टोबरात लॉरेटा लिन वारली. आणि २०२५च्या जुलैत अमेरिकी काँग्रेसनं सार्वजनिक प्रसारणाला दिलेले दोन वर्षांचे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. अशा कात्रीत मोठ्या शहरांची स्टेशनं वाचतात. श्रोत्यांकडून देणग्या मिळतात. लेचर काउंटीत देणगी मागायची कुणाकडे? तिथंच रोक्सानाला, पुन्हा एका जुन्या खाणीच्या जागेवर, पन्नास कोटी डॉलरच्या वरचा नवा फेडरल तुरुंग बांधण्याचा घाट गेली कित्येक वर्षं चाललाय. त्याला पैसे आहेत.

आता मी पुण्यात असते. स्टेशन इंटरनेटवर लागतं. सोमवारी रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. चहा उकळेपर्यंत नॉरफकची कुणी आई मुलाला सांगत असते की छपराचं गळणं थांबलं. हल्ली मी आवाज कमी करत नाही, पण हेडफोनही लावत नाही, तो चोरटेपणा वाटतो. मागच्या पावसाळ्यात बाबा राहायला आले होते. त्यांना इंग्रजी कळतं, पण तो डोंगरी हेल नाही, म्हणून मी अधूनमधून सांगत होते. निरोपांवर ते काही बोलले नाहीत. नंतर कुणीतरी बँजो लावला तेव्हा म्हणाले, “तिकडे सीम किती जाडीची?”

“तीन-चार फूट असते बऱ्याच ठिकाणी.”

“फूट?” आमच्या वर्धा खोऱ्यातला थर दहा मीटरच्या वर जातो. बाबांनी हात जमिनीपासून टेबलाएवढा वर धरून बघितला. “म्हणजे आठ तास रांगत काम. गुडघे राहत नसतील कुणाचे.” मग बराच वेळ गाणं ऐकलं. “हे रेडिओवाले पगार किती घेतात?”

“बहुतेक जण काहीच नाही. हौसेनं करतात.”

“मग बंद पडेल.”

“चाळीस वर्षं चाललंय, बाबा.”

“आमची कॉलरी त्याहून जुनी होती,” ते म्हणाले, आणि आवाज जरा वाढव म्हणाले.